ऐकला

चापडगावच्या अंगाने आत जाणाऱ्या फळ्यांच्या वाटेवर
सातवी फळी सैल आहे.
जिजा गांगुर्डे ती न बघता ओलांडते.
माझा पाय दरवर्षी तिच्यावरच पडतो,
आणि चांदव्यांची एक काळी ओळ
पाण्यावर पाय आपटत धावत सुटते,
शाळा सुटल्यासारखी.

जानेवारीतली गणना. तक्ता, शिसपेन्सील, थर्मास.
थापट्या एकशे चाळीस. तलवार बदक साठ.
इतक्यात भोवत्या येतो, एक चक्कर मारतो,
आणि आमचे साठ हवेत कालवले जातात.
"पासष्ट लिहा," जिजा म्हणते,
"पाच जणं लव्हाळ्यात होती."

कडेनं बेशरम फुललीय,
कुणी लावली नाही, कुणाच्यानं उपटवत नाही.
जलपर्णीवरून कमळपक्षी चाललाय
लांब बोटं जपून टाकत,
नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून पाहुणा जातो तसा.
पाणकणसं पिकून फुटलीत;
म्हातारी उडून दुर्बिणीच्या काचेवर बसते,
घटकाभर सगळं पाणी पांढरं.

पलीकडे द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर.
तो ऐकू येतो.

"वटवट्या," जिजा कुजबुजते. बोट बोरूत.
मी कान देतो.
बोरू हलतो, एवढंच.
डॉक्टर म्हणाले होते, वरचे सूर आधी जातात,
बारीक, टोकदार. ढोल शेवटपर्यंत राहील.
हे मी तिला सांगितलेलं नाही.

तिच्या बापाला एकदा विचारलं होतं,
हे काय ओरडतंय बोरूत?
जाळं झाडत तो म्हणाला, रिकामटेकडं आहे, बोलतंय.
नाव त्याला ठाऊक नव्हतं.
ते कुठं बोलतं त्यावरून
तो पाण्याची खोली सांगायचा.

तक्त्यात दोन रकाने: पाहिला. ऐकला.
"ऐकलात ना, काका?"

"कसा वाजतोय?" मी विचारतो.
ती माझ्याकडे बघते. जरा जास्तच वेळ बघते.
मग पुन्हा बोरूकडे तोंड करून:
"खिशात दोन गोट्या घासल्यासारखा.
थांबला.
आता परत. जरा डावीकडं."

मी लिहितो, ऐकला: एक.
शेऱ्यात लिहितो, जिजानं.

परतताना ती सातव्या फळीपाशी हात पुढं करते.
मी हात धरतो, आणि तरी
फळीवर मुद्दाम पाय देतो.
चांदवे धावतात.
हे येतं ऐकू.