कच्चा टाका

बोरा बाजारात, दुसऱ्या माळ्यावर
बगाडे मास्तर रशियन कोट शिवतायत,
नाटकासाठी. ड्रेसवाला पोरगा सांगून गेला:
खांद्याच्या पट्ट्या एका हिसक्यात निघाल्या पाहिजेत,
सतराचं साल आहे, शिपाई साहेबाचा खांदा ओरबाडतो.

मास्तरांनी टाका कच्चा घातला.
तरी तालमीत निघाली ती बाहीच.
"बेचाळीस वर्षं नेव्हीचं काम केलं,
हाताला कच्चं येत नाही."

पोरानं मग मोबाइलवर दाखवलं:
पट्ट्या गेल्या, हुद्देही गेले,
कॉलरवर त्रिकोण आले, चौकोन,
शंकरपाळ्यांएवढे तांबडे तुकडे.
आणि त्रेचाळीसला, ऐन लढाईत,
तोच कलाबतू, तसलीच पट्टी,
पुन्हा खांद्यावर.

मास्तर चष्मा कपाळावर सारून हसले.
"म्हणजे उसवणाऱ्यांनीच परत शिवायला टाकलं!
असली गिऱ्हाइकं रोज येतात.
शिलाई दुप्पट घ्यायची."

दातानं दोरा तोडून
त्यांनी पट्टीखाली वेल्क्रो लावलं.
ओढून पाहिलं. खर्र.
तो आवाज त्यांना आवडला नाही.

दुकान बंद करताना
कोटाच्या खांद्यावर बोट फिरवत राहिले:
सुईची भोकं,
इस्त्रीनं जात नाहीत.