दोनशे बारावं पान

हीउमा बेटावर, फेरीच्या तिकीटखिडकीत
हेल्यू विचारते, "सध्या काय चाललंय?"
तब्येतीचं नव्हे, वाचनाचं.

मारेत पिशवीतून काढते
धुरावलेल्या माशांखालचं पुस्तक.
"तुझंच. खलाशाचं. दीडशेपर्यंत आलेय."

हेल्यू सुटे पैसे मोजत राहते.
तिनं ते सातदा वाचलंय,
पण पहिल्या खेपेनंतर कधीच
दोनशे बाराच्या पुढे गेली नाही.
शेवटची पानं म्हणूनच अजून करकरीत,
आधीची धुवट कापडासारखी मऊ.
तिथे तो अजून
ओल्या बुटांनिशी डेकवर उभा असतो,
बायकोला काय न्यावं, या विचारात.

"पुढे काय होतं गं?"

"वारा पडतो," हेल्यू म्हणते
आणि तिकिटावर शिक्का मारते,
जाण्याचा,
येण्याचा.