मूळ पुरुष

शिवाजीनगर कोर्टाच्या कुंपणाबाहेर, बुचाच्या झाडाखाली
माझं टेबल. पाटी : अर्ज, प्रतिज्ञापत्र, वंशावळ.
शंभराचा स्टॅम्प बंद झाला, पाचशेचा चालतो,
बाकी एकवीस वर्षांत धंद्यात फरक नाही.
सगळ्यात वर मूळ पुरुष,
त्याच्याखाली मुलगे, मुलग्यांखाली मुलगे,
गेलेल्यांच्या नावापुढे कै.
बायका घेत नाही आम्ही. कागदावर मावत नाहीत,
असं मी सुरुवातीला सांगायचो.
आता कोणी विचारत नाही.

काल घोरपडीहून दोघं आले. मामेभाऊ, आतेबहीण.
ट्रेव्हर व्हिटलॉक, लोको शेडमधून रिटायर,
रंगानं माझ्याहून दोन छटा काळा,
चहावाल्याला म्हणाला, साखर घालू नको रे, शुगर आहे.
आणि बेरिल सोनकांबळे, राखी डोळ्यांची,
उन्हानं लाल झालेलं नाक
सारखी पदरानं टिपत होती.

दोघांना दाखला हवा, अँग्लो-इंडियन असल्याचा.
मी कलम सोपं करून सांगितलं :
बाप, बापाचा बाप, त्याचा बाप,
सरळ पुरुषांच्या शिडीनं चढत जायचं,
वर कुठेही एक युरोपी माणूस भेटला की झालं.
ट्रेव्हरला भेटतो. सहा पायऱ्यांवर,
खडकीच्या छावणीत, तोफखान्यात.
बेरिललाही तोच भेटतो,
पण पहिल्याच पायरीवर तिची आई उभी आहे.

"म्हणजे आमच्या मम्मीपाशी रक्त थांबलं?"
रक्त नाही हो बाई, म्हटलं. ओळ.

माझे आजोबा सांगायचे,
वेल्ह्यात एकदा साहेब आला, पितळी चिमटा घेऊन.
माणसांची नाकं मोजायचा. नाकामागे एक आणा.
आजोबा आणि त्यांचा पाठचा भाऊ
दोन वेगवेगळ्या रकान्यांत गेले,
ते दोन वंश की काय म्हणे.
भाऊ भडकला, थेट आईकडे गेला विचारायला.
तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं नाही.
आणा मात्र दोघांना सारखा मिळाला.

ट्रेव्हरनं पिशवीतून झेरॉक्स काढली,
चर्चच्या रजिस्टरची, घड्यांवर अक्षरं उडालेली.
बाप्तिस्मा. मुलगा. वडील : जॉर्ज व्हिटलॉक, गनर.
आई : नेटिव्ह स्त्री.
एवढंच.
शाई संपली म्हणावं तर खाली पाद्र्यानं
स्वतःचं नाव तीन शब्दांत लिहिलंय, शेपटी काढून.

मी टाइप करता करता थांबलो.
तिलाही बाप असणार, भाऊ असणार,
तेही कुठल्यातरी मूळ पुरुषाखाली बसलेले,
कोण जाणे, माझ्याच हातानं बसवलेले,
वेल्ह्याचेसुद्धा असतील.
तिथल्या कागदावर ती नाही, कारण मुलगी.
इथल्या कागदावर नाव नाही, कारण
विचारलंच नसेल कोणी.
आणि त्या गनरनं
रात्री पाणी मागताना तिला काय हाक मारली असेल?

ट्रेव्हरचं काम झालं. सही, अंगठा, फोटो.
तो जरा ओशाळला होता, बहिणीकडे बघेना.
बेरिल म्हणाली, मला पण एक करून द्या.
दाखला मिळणार नाही, म्हटलं.
"दाखला राहू दे. साध्या कागदावर.
माझ्यापासून वर जा, मध्ये जो येईल तो घ्या,
बाई असली तर बाई."

बेरिल. मेव्हिस. सिरिल. वर वर वर.
गनरच्या शेजारी मी एक ओळ कोरी सोडली.
बुचाचं एक फूल रोलरवर पडलं, ते फुंकलं.
तिनं चष्मा चढवून बघितलं.
"किती जागा सोडलीत?"
एक ओळ.
"दोन सोडा," ती म्हणाली,
"नाव आणि गाव."