लाल झेंडीची किटली

बँकेतल्या माणसाने विज्माला खुर्ची दिली, कॉफी दिली,
आणि विचारलं, "पण बहिरी माणसं असून असून किती असतील?"
तिला आकडा माहीत नव्हता.
तिला एकच माहीत होती.

आई. आउस्मा. वय एक्क्याऐंशी.
दोन वर्षांत तिने तीन किटल्या जाळल्या.
चौथी विज्माने स्वतः ठोकली, कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत:
पाणी उकळलं की शिट्टी नाही,
तोटीमागून बोटभर लाल झेंडी उभी राहते.
एवढंच.

एवढंच जगाला दाखवायला
मी कॅमेरा धरला. लिएपायात त्या दिवशी वारा असा
की खिडकीची काच सारखी मध्ये बोलत होती.
विज्मा तेरा वेळा अडखळली.
चौदाव्या वेळी तिच्या पाठीमागे झेंडी वर आली,
आणि आई उठली,
कॅमेऱ्यासमोरून सरळ चालत गेली,
गॅस बंद केला.
आम्ही तेच ठेवलं.

तरी नऊ दिवस बटण दाबलं गेलं नाही.
रक्कम लिहायची, खोडायची.
अठरा हजार युरो. बारा. शेवटी सात हजार चारशे,
म्हणजे एका साच्याची किंमत आणि वर टपालखर्च.
तीस दिवसांत भरली नाही तर एक सेंटही हाती नाही,
ज्याचे त्याला परत.
"आणि फजिती मात्र सगळ्यांना दिसणार," भाऊ म्हणाला.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय.
पण मूठ मिटून पत्रा कापता येत नाही.

दहाव्या रात्री तिचा फोन आला.
"मला अजून कुणी नाही म्हटलेलंच नाही गं.
बँक म्हणाली, किती असतील.
भाऊ म्हणाला, लोक काय म्हणतील.
ज्यांना नको त्यांना नको म्हणू दे की एकदा.
नाहीतर साठीतही मी हीच किटली
मनात उकळत बसेन."

मी गेले. स्वयंपाकघरात आम्ही तिघी.
तिने दाबलं.
पडद्यावर शून्य.
डोळे मिटून उघडले, शून्य.

आईने भुवया उडवल्या: काय झालं?
विज्माने अंगठा आणि तर्जनी जुळवून
शून्य दाखवलं.
आईला वाटलं, झकास.
ती हसली,
आणि चहाचं पाणी ठेवायला उठली.