बिनहातांची खुर्ची

रावपुऱ्याच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर
माझ्या दवाखान्यात दोन खुर्च्या आहेत.
एक माझी, फिरती, पाठीला उशी असलेली.
दुसरी शुक्रवारी बाजारातून साडेतीनशेला आणलेली,
बुटकी, बिनहातांची, एक पाय किंचित आखूड.
माझ्या कपाटातल्या निम्म्या बाटल्यांपेक्षा
ती गुणाची निघाली.

ती येण्याआधी अकरा वर्षं
मी दुधाबद्दल दोनच वाक्यं बोलत असे.
"अंगावर पाजताय ना?"
आणि उत्तर पुरतं यायच्या आत,
"बरं, मग वरचं सुरू करा."
टेबलावरचं पेन डब्याच्या कंपनीचं होतं.
त्याच पेनानं मी त्यांचं नाव लिहायचे
आणि अक्षर माझंच आहे असं समजायचे.

मग वासी उत्तरायणाची ती दुपार.
सगळं बडोदं गच्चीवर. माझा कंपाउंडरसुद्धा.
बाहेरचं बाकडं रिकामं,
म्हणजे मला वेळ होता. एवढंच कारण.
कुंजल माने आली, मागून सासूबाई,
शालीत सहा दिवसांचा मुलगा,
जन्मापासून तीनशे ग्रॅम घटलेला.
"हिला दूधच नाही," मालतीबाई म्हणाल्या, "डबा लिहा."
मी पेन उचललं.
वरून आरोळी आली, काप्यो छे!
पोरगं दचकून रडलं,
आणि कुंजलचा पदर ओला झाला.

पेन ठेवलं.
कंपाउंडरचं स्टूल ओढून म्हटलं,
इथंच पाज. मी बघते.

लाज वाटते सांगायला:
अकरा वर्षांत पहिल्यांदा
मी एक बाळ पिताना शेवटपर्यंत पाहत होते.
त्याच्या तोंडात नुसतं टोक होतं,
ती ओठ चावून कळ सोसत होती,
खांदे कानांपर्यंत वर.
खांदे सोड, म्हटलं. तू वाकू नकोस, त्याला वर घे.
पोटाला पोट. हनुवटी आत.
आता थांब. जांभईएवढा आ करू दे.
आता.

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा खोलीत एक आवाज आला,
स्टेथोस्कोप लागत नाही त्याला,
घुट्. मग जरा थांबून, घुट्.
मालतीबाई बोलायच्या थांबल्या.

"पहिल्या दोन दिवसांचं काय केलंत?"
"पिवळं होतं हो, चिकट. पिळून टाकायला लावलं मी."
"आणि म्हशीच्या चिकाचा खरवस घरी कोण करतं?"
"मीच की! वेलदोडा, जायफळ..."
त्या मध्येच अडखळल्या.
कुंजल खाली बघत हळूच म्हणाली,
"आमच्यात त्याला बळी म्हणतात."
माझ्या मराठी कानात तो शब्द
अजून तसाच बसून आहे.

उद्या ये, म्हटलं. परवाही ये. फी नको.
रात्री दोनला तिचा फोन आला,
तो पुन्हा नुसतं टोक धरतोय म्हणून.
अर्ध्या झोपेत मी बोलत राहिले,
माझ्याकडे औषध काहीच नव्हतं,
नुसतं जागं राहणं होतं.
पाचव्या दिवशी वजनकाटा सव्वाशे ग्रॅम पुढे सरकला,
तेव्हा मालतीबाईंनी चष्मा पुसून
तो आकडा दोनदा वाचला.

सगळ्याच गोष्टी अशा संपत नाहीत.
तांदळज्याची नफीसा बाळंतपणात फार रक्त गेलेली,
तीन आठवडे सगळं केलं, दूध आलं ते चमचाभर.
तिला मी डबा लिहून दिला. ती मान वर करेना.
तिलाही त्याच खुर्चीत बसवलं,
छातीशी धरून वाटीनं पाज म्हटलं,
आणि तुझं आहे तेवढं आधी दे,
चमचाभर असलं तरी ते तुझं आहे.
मी कुणाची परीक्षा घ्यायला बसलेली नाही.

डब्यांचा माणूस अजून अधूनमधून येतो.
चहा पितो, बिचारा पोटासाठी फिरतो,
बॅग न उघडताच जातो.
आणि येणारी प्रत्येक सासू सांगते,
डॉक्टर, खुर्ची डुगडुगते, सुताराला बोलवा.
हो हो म्हणते मी.
आखूड पाय तसाच ठेवलाय.
दूध येता येता ती आपोआप जरा झुलते,
आणि कुणीतरी झोपतं.
बहुतेक वेळा आई.