पहिलं अक्षर

शंकरशेट रस्त्यावर पुन्हा कुणीतरी खोदलं
आणि भवानी पेठेतली आमची लीज लाइन तुटली.
मंचर शाखेत पेन्शनवाल्यांची रांग,
काउंटरवर पडदा गोठलेला,
कॅशियर शेवकरी फोनवर माझ्या नावानं शिमगा करतोय.

रणपिसे साहेब म्हणाले,
लाइन पडली की फोन आपोआप लागला पाहिजे, रेवती.
मध्ये माणूस नको.

मध्ये माणूस नको, तर मग
माणसानं काय काय केलं असतं ते आधी लिहून काढायचं.
डावीकडे, काय ऐकू येईल.
उजवीकडे, त्यावर काय म्हणायचं.
एंगेज लागला, ठेवून दे.
पलीकडे कुणी नाहीच, ठेवून दे.
नाव विचारलं, नाव सांग.
खूण विचारली, खूण सांग, मग गप्प.
लग्नाच्या आदल्या रात्री मावशीनं मला
साधारण एवढंच शिकवलं होतं.

रात्री साडेनऊ. वॉचमन मोरमारे शटर अर्धं ओढून बसलेला.
मॉडेम नंबर फिरवतो, शिट्टी घालतो, खरवडतो,
पलीकडचा ओ देतो,
आणि माझी स्क्रिप्ट तशीच उभी.
'लॉगिन' ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही
असं मीच तिला बजावलेलं.

चिंचवडच्या थोपटेंना फोन लावला. जेवत होते.
घास गिळून म्हणाले,
पूर्ण शब्दाची वाट कशाला बघता मॅडम?
पहिलं अक्षर लाइनीवर सांडतं.
कधी कचरा होऊन येतं, कधी येतच नाही.
'ऑगिन' एवढंच ऐकायला सांगा.
आणि 'आसवर्ड'.
शेपूट आलं म्हणजे शब्द आला.
आणि थांबायची वेळ वाढवा हो,
पाच सेकंदांत काय होतंय.

लॉगिनचा ल पुसला.
पासवर्डचा प पुसला तर आस उरली,
तिच्याकडे जरा बघत बसले.

अण्णांनी चाळीस वर्षं कसब्यातल्या शाळेत
पोरांकडून श आणि ष वेगळे वदवून घेतले.
जानेवारीत झटका आला
आणि त्यांच्या शब्दांची पहिली अक्षरं
ससूनच्या कुठल्याशा खाटेवर राहून गेली.
तेव्हापासून रोज संध्याकाळी
पाण्याचा पेला धरून मी त्यांच्यासमोर उभी:
प म्हणा, अण्णा. ओठ मिटा. प.
'आणी,' ते म्हणतात.
प.
'आणी.'
पेला माझ्याच हातात.
बाईंनी सांगितलंय, सराव हवा.
पाच सेकंद, फार तर सहा,
मग मीच चिडून शब्द पूर्ण करते
आणि पाणी अर्धं चादरीवर.

पंचेचाळीस केले.
पुन्हा फिरवला. शिट्टी. खरखर.
पलीकडून आला तो फाटका शब्द,
पुढचा तुकडा नसलेला,
आणि स्क्रिप्टनं त्याला ओळखलं.
नाव सांगितलं. खूण सांगितली.
हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला, लागून राहिला.
मोरमारे म्हणाला, झालं का?
लागला, म्हटलं.

खूण फाइलीत उघडी लिहावी लागते,
यंत्राला काही पोटात ठेवता येत नाही.
फाइलीला कडी लावली,
माझ्याशिवाय कुणी वाचू नये अशी.

पद्मावतीला पोचले तेव्हा साडेअकरा.
चपला काढत होते,
आतून हाक आली, 'एवती.'
मी ओ दिली.
माठातून पेला भरला.

गुरुवारी पुन्हा खोदलं, या वेळी टेलिफोनवाल्यांनीच.
मंचरची रांग सरकत राहिली,
शेवकरीला कळलंसुद्धा नाही.
लॉगमध्ये एवढी एकच ओळ:
दुसऱ्या प्रयत्नात लागला.