हे बिल नाही

एकतीस वर्षं मीच वाटली ही पाकिटं
टू हार्बर्सच्या उतारावरच्या घरांतून,
सरोवराचा वारा तोंडावर घेत,
कुत्र्यांशी सलोखा राखत.
आत काय असतं ते कधी विचारलं नाही.
टपालवालीनं विचारायचं नसतं.

आता गुडघे गेले, तशी मंगळवारी बसते
वाचनालयात, झेरॉक्स मशीनशेजारच्या टेबलाशी,
आणि लोक तीच पाकिटं माझ्याकडे परत आणतात,
फोडलेली.

आधी अक्षरं गिरवून घेते.
ए म्हणजे हॉस्पिटलचा पलंग.
बी म्हणजे डॉक्टर. त्याचा हप्ता
पेन्शन हातात पडण्याआधीच कापलेला असतो,
शिवाय शंभरातले ऐंशी ते भरतात, वीस तुम्ही.
कुठल्या शंभरातले, ते मागाहून कळतं.
डी म्हणजे गोळ्या.
सी म्हणजे... थांबा, सी शेवटी घेऊ,
सी टीव्हीवर फार गोड बोलते.
आणि दात, कान, चष्मा?
म्हाताऱ्यांना हे अवयव असतात
हे कायदा लिहिताना कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

ग्रेडी पेल्टियर हसला यावर, कवळी सांभाळत.
"मी काय आजारी आहे?" म्हणत
त्यानं बी चार वर्षं घेतलंच नाही.
आता हप्त्यावर चाळीस टक्के दंड, मरेपर्यंत.
"मरेपर्यंतच ना?" म्हणाला,
"मग चालेल."

हिल्मा कोस्केला मात्र हसली नाही.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून तिनं कागद काढले,
तारखेवार लावलेले, सुतळीनं बांधलेले.
वाइनो पडला होता.
खनिजाच्या धक्क्यावर अडतीस वर्षं काढली, तिथं नाही,
स्वयंपाकघरात, मांजराच्या वाटीला अडखळून.
चार रात्री हॉस्पिटल,
मग तीन आठवडे दुसरीकडे, पुन्हा चालायला शिकायला.

पहिल्या कागदावर ठळक अक्षरं: हे बिल नाही.
"बघ," ती म्हणाली, "नाही म्हणतात."
त्याच्या खालचा कागद बिल होता.

मग मला सांगावं लागलं,
आवाज शक्य तितका सपाट ठेवून:
वाइनो पलंगावर होता, पण कागदोपत्री दाखल नव्हता.
'निरीक्षणाखाली' होता.
आणि तीन रात्री दाखल नसेल
तर पुढच्या तीन आठवड्यांना ए ओळखच देत नाही.

"निरीक्षण कुणी केलं?" हिल्मानं विचारलं.
"नर्स बारा तासांनी बदलायची.
मी नाही बदलले.
त्या हिरव्या खुर्चीत मी होते,
तो श्वास घेतो का ते मी बघत होते."

झेरॉक्सवाला मुलगा उगाच कागद भरत राहिला.

मी सुतळी पूर्ण सोडली.
तिसरा कागद, पाचवा, सातवा.
आणि सापडलं. पहिल्या रात्री कुणीतरी लिहिलं होतं: दाखल.
दुसऱ्या सकाळी, आठ वाजून दहा मिनिटांनी,
दुसऱ्या कुणीतरी ते बदललं.
वाइनो त्या वेळी ओटमील खात होता.
हिल्माला आठवत होतं, थंड झालेलं.

अशा बदलावर दाद मागता येते.
मिळेलच असं मी म्हटलं नाही.
तीन पानं लिहिली, तिनं सही केली
शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरात,
आणि ओटमीलही घाल म्हणाली.
घातलं.

पाकीट मी तळहातावर तोललं. सवय जात नाही.
"तिकीट एक कमी पडतंय, हिल्मा."
तिनं पर्स उघडली, नाणी मोजली,
माझ्याकडे पाहिलं:
"आणि हे कुठल्या अक्षरात बसतं?"

मी जिभेवर तिकीट ओलं करायला गेले.
आताची तिकिटं नुसती चिकटतात, विसरलेच.

सी आजही राहिलीच.